दोनशे तासांत काय भरायचं? सीपीएलच्या वाटेला लागलेल्यांसाठी

एका विमान कंपनीच्या निवडचाचणीसाठी सिम्युलेटरवर बसले तेव्हा माझ्या लॉगबुकात २१४ तास होते. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, हातात होता, शिक्के जागच्या जागी होते. परीक्षकांनी फ्लाइट डायरेक्टर (विमान कसं वळवायचं ते पडद्यावर दाखवणारी खूण) बंद केला, डावीकडून १५ नॉटचा वारा लावला आणि आयएलएसवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ संकेतांवर, यायला सांगितलं. लोकलायझर, म्हणजे धावपट्टीची मधली रेषा दाखवणारा संकेत, पकडताना आधी उजवीकडे गेले, ते सावरताना डावीकडे, आणि या ओढाताणीत वेगाकडे बघायचं राहूनच गेलं. गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं, करायला हवा होता, केला नाही. नापास.

त्या रात्री हॉटेलच्या खोलीत लॉगबुक पहिल्या पानापासून वाचलं. पीआयसीच्या (विमानाची प्रमुख म्हणून केलेल्या) शंभर तासांतले ४२ तास एकाच मार्गावरचे, सकाळी सात ते नऊमधले, झेंडासुद्धा हलत नसेल अशा वेळचे. खोटा एकही तास नव्हता, पण ४२ तास मी तेच ते करत होते. ते करत असताना कुणी हटकलं नाही, आणि मलाही कळलं नाही. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. पैसे भरण्याआधी: मेडिकल, नाव, संस्था

पहिलं काम मेडिकल. आधी क्लास २, मग क्लास १. सीपीएलला क्लास १ लागतंच. रंग ओळखण्यात अडचण असेल किंवा कानाची जुनी तक्रार असेल, तर ती फी भरल्यावर नव्हे, आधी कळलेली बरी. संस्था म्हणते, "या, प्रवेश घ्या, मेडिकल नंतर बघू." बघू नका. क्लास १ हातात पडेपर्यंत मोठा हप्ता भरू नका.

दुसरं, नाव. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुमचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळीच फोड. आधारवर वडिलांचं नाव गायब. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, ई-जीसीए पोर्टलवर कॉम्प्युटर नंबर (परीक्षांसाठीचा उमेदवार क्रमांक) काढताना या तिन्ही कागदांवर तीन माणसं दिसतात, आणि अर्ज परत येतो. माझा दोनदा आला. पासपोर्ट काढतानाच नाव बारावीच्या कागदाशी जुळवून घ्या. पुढे परवान्यावर, रेडिओच्या प्रमाणपत्रावर, सगळीकडे तेच नाव चालतं.

तिसरं, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित. ज्यांचं कॉमर्स झालंय ते हे दोन विषय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, देतात. सर्रास चालणारा मार्ग आहे, संकोच नको.

आता संस्था. खर्च पन्नास लाखांच्या आगेमागे जातो, त्यामुळे माहितीपत्रकावर जाऊ नका. डीजीसीए आता उड्डाण संस्थांचं मानांकन जाहीर करतं, ते आधी बघा. मग प्रत्यक्ष जा आणि हँगरपाशी उभं राहून मोजा: विमानं किती आणि त्यातली आज उडणारी किती? कागदावर दहा असतात, दोन सुट्या पार्टची वाट बघत असतात आणि तिसऱ्याचं इंजिन उतरवलेलं असतं. विद्यार्थी किती, इन्स्ट्रक्टर किती, हे कार्यालयात नाही, कँटीनमध्ये विचारा. "गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले?" हा एकच प्रश्न चार वेगवेगळ्या मुलांना विचारा. मी गेले ती संस्था महाराष्ट्राबाहेरची. दहा महिन्यांत पूर्ण करू म्हणाले होते, एकवीस लागले. मधले दोन पावसाळे त्यांनी हिशोबात धरलेच नव्हते. घरचे मात्र महिन्याला हप्ता फेडत होते.

पैसे टप्प्याटप्प्याने भरता येत नसतील तर दुसरी संस्था शोधा.

२. कायदा काय मागतो ते स्वतः वाचा

सीनियर सांगतात त्यावर विसंबू नका. डीजीसीएच्या संकेतस्थळावरून नियमाची चालू प्रत काढा आणि खोलीच्या भिंतीवर चिकटवा. नियमात दुरुस्त्या होत असतात. अर्जाच्या दिवशी जो नियम लागू असेल, तो तुमचा.

ढोबळ सांगाडा असा: एकूण २०० तास. त्यातले १०० पीआयसी म्हणून, म्हणजे विमानाचे प्रमुख तुम्ही. शिकाऊच्या बाबतीत याचा अर्थ सोलो. शेजारी इन्स्ट्रक्टर बसला की तो तास ड्युअल. पीआयसीमधले २० तास क्रॉसकंट्रीचे, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्याचे, असावे लागतात, त्यात एक उड्डाण किमान ३०० नॉटिकल मैलांचं, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरलेलं. इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडवलेले, १० तास, पैकी सिम्युलेटरवर ५ पेक्षा जास्त धरत नाहीत. रात्रीचे ५ तास, किमान १० टेक-ऑफ आणि १० लँडिंगसह.

याशिवाय लेखी परीक्षा: एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. रेडिओची आरटीआर परीक्षा पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती, भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आल्यापासून तीही डीजीसीएकडे आली. जमेल तेवढं लेखी काम उड्डाण सुरू होण्याआधी उरका. दिवसभर उन्हात टेक्सी-वेवर थांबून आल्यावर रात्री नेव्हिगेशनची गणितं सुटत नाहीत.

३. तास की क्षमता? हा वाद आपल्या कामाचा आहे

हे वाचून वाटेल, एवढे आकडे भरले की झालं. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून थोडं बाहेर बघू.

तासांच्या बाजूचं सगळ्यात टोकाचं उदाहरण अमेरिकेचं. १२ फेब्रुवारी २००९ ला कोल्गन एअरचं विमान बफेलोजवळ पडलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. विमान स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल सुटण्याच्या, जवळ आल्याचा इशारा देत स्टिक थरथरली आणि कॅप्टनने ती पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढली. मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केला, २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून तिथे विमान कंपनीच्या को-पायलटलाही साधारण १५०० तास लागू लागले. आधी २५० तासांच्या कमर्शियल परवान्यावर ती खुर्ची मिळत असे. गंमत अशी की त्या विमानातल्या कॅप्टनचे ३,३७९ आणि को-पायलटचे २,२४४ तास होते. नवा नियम त्या रात्री लागू असता तरी दोघं त्याच खुर्च्यांवर बसले असते. लष्करी वैमानिकांना ७५० आणि मान्यताप्राप्त विमानविद्येची पदवी असणाऱ्यांना १००० तासांची सवलत आहे. म्हणजे तास कुठून आले याला किंमत आहे, हे त्या नियमानेही मान्य केलंच.

दुसऱ्या टोकाला एमपीएल, मल्टी-क्रू पायलट लायसन्स. आयकाओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, ते २००६ मध्ये आणलं. त्यात छोट्या विमानावर एकट्याने तास जमवायचे नाहीत. पहिल्यापासून दोन वैमानिकांच्या कॉकपिटसाठी, बरचसं सिम्युलेटरवर, टप्प्याटप्प्याने तयार करायचं. एका टप्प्यातली क्षमता दिसली की पुढचा टप्पा. तरी तासांपासून तिथेही सुटका नाही: खरे आणि सिम्युलेटरचे मिळून किमान २४०. यातला धोकाही समजून घ्या. एमपीएल एका विमान कंपनीच्या गरजेला बांधलेलं असतं. डेन्मार्कमधली एमपीएलची सुरुवातीची मुलं स्टर्लिंग या कंपनीसाठी तयार झाली, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये स्टर्लिंगने दिवाळं काढलं. सीपीएलवाला निदान दुसरीकडे शिकवायला तरी जाऊ शकतो.

मधली वाटही आहे. आयकाओच्या मूळ नियमात सीपीएलला २०० तास, पण मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रमातून आलात तर १५० पुरतात. युरोपात तसे अभ्यासक्रम चालतात.

माझा मामा एसटीत चालक आहे. डेपोत नवीन मुलगा आला की तो किलोमीटर विचारत नाही. "आंबा घाट रात्री पावसात किती वेळा उतरलास?" एवढंच विचारतो. आपल्याकडच्या विमान कंपन्याही दारातून आत घेताना तासांचा परवाना बघतात आणि आत घेतल्यावर मामाचा प्रश्न विचारतात. मग दोन्हींची तयारी एकाच पैशात का करू नये?

४. तासांचा आराखडा पहिल्या सोलोनंतर लगेच काढा

पहिली सोलो झाली, मित्रांनी अंगावर बादलीभर पाणी ओतलं, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसा.

सगळ्यात मोठा खड्डा इथे आहे. सीपीएलला क्रॉसकंट्रीचे २० पीआयसी तास पुरतात, म्हणून मुलं उरलेले पीआयसी तास धावपट्टीभोवती सर्किट, म्हणजे फेऱ्या, मारून भरतात. मग इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा (आयआर) नियम उघडतात, तर तिथे क्रॉसकंट्रीचे ५० पीआयसी तास आणि इन्स्ट्रुमेंटचे ४० तास मागितलेले! आयआरशिवाय नोकरी नाही. तेव्हा १०० पीआयसीमधले ५० पहिल्यापासूनच क्रॉसकंट्रीत टाका. माझ्या बॅचमधल्या एकाला याच चुकीपायी १८ तास जास्तीचे उडवावे लागले. तासाचा दर तुम्हाला माहीत आहेच.

३०० मैलांच्या उड्डाणात टच-अँड-गो, म्हणजे चाकं टेकवून लगेच पुन्हा वर जाणं, चालत नाही, पूर्ण थांबायचं. दोन्ही ठिकाणी उतरल्याची वेळ आणि नोंद तिथल्या तिथे घ्या. सेसना १७२ ने हे तीन तासांच्या वर जातं, त्यामुळे परतीला दुपारचं ऊन आणि थर्मल, म्हणजे वर चढणारे गरम हवेचे झोत, गाठतात. त्या दिवशीचं इंधन, पाणी आणि पर्यायी विमानतळ आदल्या रात्रीच ठरवा.

आता प्रत्येक सोलो तासाला एक काम नेमून द्या. हेच मी केलं नाही. उदाहरणार्थ: आजच्या क्रॉसकंट्रीत जीपीएसवर कागद चिकटवून फक्त नकाशा, घड्याळ आणि होकायंत्र. उद्या सकाळऐवजी चारची सॉर्टी, म्हणजे उड्डाण, मागायची, कारण तेव्हा वारा आडवा असतो. अर्थात इन्स्ट्रक्टरने दिलेल्या मर्यादेतच. मर्यादेबाहेरचा वारा एकट्याने अंगावर घेणं ही क्षमता नव्हे, माज आहे. वारा जास्त असेल तर तोच तास ड्युअल करून मागा. डिस्पॅचवाला कुरकुरतो, करू द्या.

५. दुसरी वही

लॉगबुक कायद्यासाठी. दुसरी वही तुमच्यासाठी. साधी, दोनशे पानी, कुणाला न दाखवायची.

क्षमताधारित प्रशिक्षणात वैमानिकाला नऊ बाबींवर तोलतात. विषयाचं ज्ञान, कार्यपद्धती पाळणं, संवाद, ऑटोमेशनने विमान नेणं, हाताने विमान नेणं, नेतृत्व आणि सांघिक काम, अडचण ओळखून निर्णय घेणं, भोवतालचं भान, कामाचा भार पेलणं. ऐकायला एचआरच्या भाषणासारखं वाटतं, मान्य. पण सेसनामध्ये एकट्याने बसलेल्या मुलीलाही यातल्या सात तरी लागतात. "कामाचा भार" म्हणजे काय? टॉवर बोलतोय, नकाशा मांडीवरून घसरलाय, कार्ब हीटकडे (कार्ब्युरेटरमध्ये बर्फ होऊ न देणाऱ्या कळीकडे) बघायचंय आणि उंची शंभर फूट वर गेलीय. यातलं आधी काय कराल? आधी विमान उडवायचं, मग कुठे आहोत ते बघायचं, मग बोलायचं. टॉवरला "स्टँडबाय" म्हणता येतं. मला ते म्हणायला ऐंशी तास लागले, कारण लाज वाटायची.

माझ्या वहीतलं एक पान देते. ही वही मी नापास झाल्यावर सुरू केली, जुनी सॉर्टी आठवून लिहिली आहे:

"सोलो क्रॉसकंट्री, २ तास १० मि. समोरून वारा अंदाजापेक्षा १२ नॉट जास्त. दुसऱ्या खुणेला ४ मिनिटं उशीर, तो लक्षात आला. पण नवी वेळ टॉवरला कळवली नाही, त्यांनी विचारल्यावर सांगितली. इंधनाचं गणित परत केलं नाही, गेजकडे बघून 'आहे पुरेसं' म्हटलं. उतरल्यावर डिपस्टिक (इंधन मोजायची काठी) घातली तेव्हा पोटात गोळा आला."

लॉगबुकात या सॉर्टीची एकच ओळ आहे. पीआयसी, क्रॉसकंट्री, २:१०.

डिब्रीफ, म्हणजे उड्डाणानंतरची चर्चा, कसं मागायचं तेही शिकून घ्या. "सर, कसं झालं?" विचारलंत तर "गुड, गुड" म्हणून सर चहाला जातील. त्यांच्यामागे आणखी चार मुलं उभी असतात. "सर, फायनलवर माझा वेग कुठे सुटला?" असं विचारलंत तर थांबतात. एकदा माझे सर खाली बसले आणि काडीने मातीत फायनल, म्हणजे उतरण्याआधीचा सरळ टप्पा, काढून दाखवली: तू इथे रनवेकडे बघायचं सोडलंस आणि नाकाकडे बघायला लागलीस, म्हणून फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) उशिरा. त्या पाच मिनिटांनी माझी लँडिंग सुधारली, आधीच्या तीस सर्किटांनी सुधारली नव्हती.

६. रात्र आणि चाचण्या: सहा महिन्यांचं घड्याळ

काही गोष्टी कधीही केलेल्या चालत नाहीत. रात्रीची उड्डाणं आणि कौशल्यचाचण्या अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतल्या लागतात. चाचण्या चार: दिवसाची जनरल फ्लाइंग टेस्ट, रात्रीची जनरल फ्लाइंग टेस्ट, दिवसाची २५० मैलांची क्रॉसकंट्री, रात्रीची १२० मैलांची.

याचे दोन उलटसुलट सापळे. रात्रीचं लवकर उरकलंत आणि मग विमान तीन महिने हँगरमध्ये पडलं, तर मुदत उलटते आणि पुन्हा पैसे भरावे लागतात. सगळ्यात शेवटी ठेवलंत, तर धावपट्टीचे दिवे बिघडलेले, परीक्षक रजेवर, आणि बाराजण रांगेत. मला वाटतं १५० तासांच्या आसपास चौकशी सुरू करावी आणि १७० च्या पुढे रात्र धरावी. लेखी विषय तोवर संपलेले हवेत. परदेशातून सीपीएल करून येणाऱ्यांना हे घड्याळ जास्त छळतं. तिथून परत येऊन, इथल्या परीक्षा देऊन, तिथल्या यंत्रणेकडून पडताळणीचं पत्र येईपर्यंत मुदत सरते आणि इथे पुन्हा तास उडवावे लागतात. निघण्याआधीच विमान कुठे मिळणार ते ठरवा.

७. पेन जपून

वैमानिकांत "पार्कर पेनचे तास" असा एक शब्दप्रयोग आहे. विमान जमिनीवर, पेन हवेत. विनोद म्हणून ऐकाल, पण २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर घेतलेले परवाने उघडकीला आले, राजस्थानात न उडता तास लिहून दिल्याची प्रकरणं निघाली आणि लोकांना अटक झाली. तुम्हाला कुणी "पंधरा मिनिटं वाढवून लिही, सगळे लिहितात" म्हणालं, तर लिहू नका. वेळ चॉक्स ते चॉक्स: उड्डाणासाठी विमान स्वतःच्या ताकदीने हललं तेव्हापासून, ते शेवटी थांबेपर्यंत.

प्रामाणिक माणसाचाही घोळ होतो. लॉगबुक, विमानाचा टेक लॉग आणि संस्थेची नोंदवही यांत पाच मिनिटांचा फरक पडला तरी अर्ज अडकतो. दर रविवारी तिन्ही जुळवा. मी एकदम दीडशे तासांनी जुळवायला बसले. ज्या इन्स्ट्रक्टरची सही राहिली होती ते तोवर नोकरी सोडून दुसऱ्या राज्यात गेले होते. सहीसाठी बावीस तासांचा रेल्वे प्रवास केला, तोही उभ्याने. दर पन्नास तासांना सीएफआयची (मुख्य उड्डाण प्रशिक्षकाची) सही-शिक्का घेऊन पानांचे स्कॅन काढून ठेवा.

८. अर्जाची फाइल

- दहावीचं प्रमाणपत्र, जन्मतारखेसाठी
- बारावीची गुणपत्रिका आणि बोर्डाची पडताळणी
- क्लास १ मेडिकल, मुदतीतलं
- शिकाऊ परवाना अर्थात एसपीएल
- लेखी परीक्षांचे निकाल
- आरटीआर, रेडिओ परवाना आणि इंग्रजी प्रावीण्य, किमान पातळी ४
- लॉगबुक आणि तासांची फोड करून दिलेला संस्थेचा दाखला
- चारही चाचण्यांचे अहवाल
- आयआर आणि मल्टि-इंजिनचे कागद, केलं असेल तर

तासांची फोड दुसऱ्या कुणाकडून बेरीज करून घ्या. आपली चूक आपल्याला दिसत नाही. माझी बेरीज आजोबांनी केली, साखर कारखान्यातले निवृत्त हिशेबनीस. सिम्युलेटरचा दीड तास दोनदा धरला होता तो त्यांनीच पकडला.

९. परवाना आल्यानंतर

परवाना आणि नोकरी यांत महिने जातात, कधी वर्षंही. या काळात हात थंड पडतो. जमेल तसं महिन्यातून एकदोनदा सिम्युलेटर भाड्याने घ्या आणि फ्लाइट डायरेक्टर, ऑटोपायलट बंद करून आयएलएस मारा. शेजारी मित्राला बसवा, चेकलिस्ट त्याने वाचायची. बोलत बोलत उडवायची सवय सोलो तासांत लागत नाही, आणि पुढे तर सगळं दोघांचंच काम. मी असे अकरा तास केले आणि आठ महिन्यांनी दुसऱ्या कंपनीच्या चाचणीला बसले. पुन्हा आडवा वारा आला. या वेळी पाचशे फुटांवर सरळ नव्हते, म्हणून गो-अराउंड केला आणि दुसऱ्यांदा उतरले.

टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट प्रकारच्या विमानाचं प्रशिक्षण, सुरू झालं तेव्हा पहिल्या सत्राचा मूल्यांकनाचा कागद समोर आला. तासांसाठी वरच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट, खाली नऊ ओळी, प्रत्येकीपुढे पाचपैकी गुण. कामाच्या भारासमोर मला २ मिळाले होते. खाली शेरा होता: "स्टँडबाय म्हणायला शिका."